न झोंबणारी थंडी

परभणीच्या एमआयडीसीत एका पत्र्याच्या शेडमध्ये मी बावीस वर्षं केमिस्ट म्हणून काम केलं. केमिस्ट म्हटलं की लोकांना औषधाचं दुकान आठवतं, आणि अजूनही लग्नकार्यात कुणी ना कुणी मला बाजूला घेऊन पित्तावरची गोळी विचारतं. मी गोळ्या कधी विकल्या नाहीत. मी थंडी तयार करत होते. वैशाखात ज्या गावात टाकीतलं पाणी दुपारी हातावर घेववत नाही, त्या गावात थंडीचा कारखाना! माझ्या सासूबाई शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगायच्या, "सूनबाई बर्फाच्या फॅक्टरीत आहे." मी दुरुस्त करायचं सोडून दिलं होतं.

संपादकांनी नोकरीच्या आठवणी लिहायला सांगितल्या तेव्हा कधी लागले, कधी पगार वाढला, निरोपाला कोणती शाल मिळाली, हे सगळं डोळ्यांपुढून गेलं आणि मला स्वतःलाच जांभई आली. तेव्हा ते राहू द्या. मी ताडकळसच्या गयाबाईच्या गुडघ्याबद्दल लिहिते. त्या गुडघ्याने मला जे शिकवलं ते बीएस्सीच्या तीन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं, आणि त्या गुडघ्यापुरती मी गुन्हेगारही आहे.

आधी आमचा धंदा समजून घ्या. बर्फ घातलेलं सरबत आठवा. बर्फाचा शेवटचा खडा असेपर्यंत ते गारच्या गार राहतं, आणि खडा गेला की थोड्या वेळात त्याचा पचका होतो. कारण गोठलेली वस्तू वितळताना भोवतालची उष्णता पिते, आणि पूर्ण वितळेपर्यंत आपलं तापमान सोडत नाही. बर्फ शून्य अंशावर वितळतो, खोबरेल तेल चोविसाच्या आसपास, मेणाचे नाना प्रकार नाना अंशांवर. प्रत्येक वस्तूचा अंश ठरलेला असतो. हवा तो अंश निवडायचा, ती वस्तू पिशवीत भरायची, पिशवीचं तोंड पक्कं बंद करायचं, की झाली थंड पट्टी. मुरगळलेल्या पायावर, सुजलेल्या गुडघ्यावर, तापलेल्या कपाळावर ठेवा.

हे ऐकायला सोपं वाटतं. आमचे मालक दिगंबरराव यांनाही तसंच वाटलं होतं. ते पोखर्णीकडच्या एका बागायतदार घरातले. शेती भावावर सोपवून त्यांनी कारखाना काढला, पण कुणी चपला घालून शेडमध्ये आलं की आजही खळ्यातल्या धान्यावर पाय पडल्यासारखे ओरडतात. आधी आम्ही लसींच्या डब्यात ठेवायच्या थंड पिशव्या करत होतो. त्यात मला फार डोकं चालवावं लागत नव्हतं, कारण लशीच्या बाटलीला कातडी नसते. मग दिगंबरराव एकदा ट्रॅक्टरवरून उतरताना पाय मुरगळून घेऊन आले आणि त्यांना माणसांसाठी पट्टी करायची कल्पना सुचली.

तिथून आमची भांडणं सुरू झाली. ते विचारायचे, "किती गार होईल?" आणि मी विचारायचे, "फुटली तर?"

युरियाचंच बघा. युरिया पाण्यात टाकला की पाणी झटक्यात गार पडतं. हे त्यांना कुणीतरी सांगितलं आणि ते सकाळी सकाळी मोटरसायकलवर अर्धं पोतं बांधून हजर. "म्याडम, फ्रीजच नको! पिशवी दाबली की आत युरिया अन् पाणी एक व्हायलंय, अन् गारेगार!" खरं होतं. एकदाच वापरायची असली तरी गार होत होती. मी म्हटलं, "दिगंबरराव, वापरून झाली की माणूस ती टाकणार कुठं?"

"उकिरड्यावर."

"उकिरड्यावर कोण जातं?"

त्यांनी पोत्याकडे पाहिलं. युरियाचं पाणी प्यालेल्या जनावराचं काय होतं हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्यांच्याच गोठ्यातली एक पाडी तशी गेली होती. पोतं आलं तसं परत गेलं.

मग गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते रसायन आलं. स्वस्त, पिशवी मऊ ठेवणारं, आणि चवीला गोड. गोड आहे हेच त्याचं पाप. लेकरू पिशवी चघळणार, आणि ते पोटात गेलं की मूत्रपिंडं निकामी होतात. मग पातळ मेण आलं, फार गुणी, सांगाल त्या अंशाला गोठणारं. पण आमच्याकडे घरातली प्रत्येक कामाची वस्तू चुलीजवळच्या फळीवर राहते आणि मेण पेटतं. मग एक क्षार आला. तो पंधरावीस वेळा गोठवला की तळाशी साका धरायचा आणि मग रुसून गोठायचाच नाही. अशी एकेक वस्तू मी परत पाठवत गेले. दिगंबरराव म्हणायचे, "तुम्हाला मुलगी दाखवायला आणली असती तर आमच्या पुतण्याचं लग्नच झालं नसतं." शेवटी पाणी आणि पाण्याला दाट करणारी, आइस्क्रीममध्येही घालतात ती भुकटी, एवढ्यावर आमचं जमलं. शून्य अंश. वर छापलं: "फडक्यात गुंडाळून फक्त पंधरा मिनिटे ठेवावी." त्या छापील ओळीचा मला फार अभिमान होता.

आमचा माल विकायचे वाजिदभाई. मोटरसायकलला दोन बाजूंनी खोकी बांधून ते जिंतूर, चारठाणा, पूर्णा, ताडकळस अशा दुकानांत आणि आठवडी बाजारांत फिरायचे. गोड माणूस. येताना कधी रिकाम्या हाताने आला नाही, सीताफळं तरी आणायचा. पहिल्या उन्हाळ्यानंतर सीताफळांच्या आधी तक्रार आली.

"म्याडम, माल एक नंबर हाय. पर झोंबत न्हाई."

"झोंबू नये म्हणून तर केलाय."

"गिऱ्हाईक कुटं ऐकतंय? हातात घेतंय अन् म्हणतंय, ये तो थंडा पानी है, दवा किधर है?"

ते खोटं बोलत नव्हते. आपल्याकडे बाम लावला की डोळ्यांतून पाणी यायला पाहिजे, काढा कडू पाहिजे, इंजेक्शन दुखलं तर डॉक्टर चांगला. पट्टीने मुकाट्याने काम केलं तर ती फसवी. मी दोन महिने अडून बसले. इकडे शेडमध्ये खोक्यांवर खोकी चढली, दिगंबरराव माझ्याशी बोलताना वर पत्र्याकडे बघायला लागले, आणि एक दिवस मी मिठाला हात घातला. मीठ घातलेलं पाणी शून्याच्याही खाली जाऊन गोठतं, जितकं मीठ जास्त तितकं खाली. हे मला माहीत होतं. हे माहीत असण्याचाच मी पगार घेत होते. मी मनाची समजूत काढली की सोबत जाड फडकं देऊ आणि ती पंधरा मिनिटांची ओळ लाल अक्षरांत छापू. मी तेव्हा नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

पट्टी झोंबली आणि खपली. वाजिदभाईंनी सीताफळांची पाटीच आणली. आणि खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं होतं.

पुढच्या वर्षी श्रावणात वाजिदभाईंनी पाठवलेला एक फोटो मोबाइलवर आला. एक गुडघा, आणि त्यावर तळहाताएवढा फोड. खाली लिहिलं होतं, "ताडकळस. अपनी पट्टी." मी चहा घेत होते, कप तसाच राहिला.

दिगंबरराव आणि मी तासाभरात ताडकळसला पोचलो. गयाबाई ओट्यावर पाय लांब करून बसली होती. पंचेचाळिशीची, काटक, कपाळावर ठसठशीत कुंकू. गुडघ्याला पूर्णेच्या दवाखान्यातली पट्टी बांधलेली. मला वाटलं होतं शिव्या बसतील. तिने आधी पाणी दिलं.

मी विचारलं, "गोठवली कुठं होती?"

"कुल्फीवाल्याच्या पेटीत. आमच्याकडं कुटं फ्रीज हाय?"

कुल्फीची पेटी म्हणजे शून्याखाली अठरा अंश. आमच्या खाऱ्या पिशवीने ती सगळी थंडी मनापासून साठवून घेतली असणार.

"बांधली किती वेळ?"

"खुरपायला गेले तवा फडक्यानं आवळली, अन् दुपारी भाकर खायला बसले तवा सोडली."

"अहो, पण त्यावर लिहिलं होतं ना, पंधरा मिनिटं!"

गयाबाईने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "बाई, मला वाचता येत असतं तर तुमच्या जागी मी नसते का?"

दिगंबरराव खाली बघून हसले. माझ्या लाल अक्षरांचं तिथेच पाणी झालं.

"अन् मिंटा-मिंटात सोडायची तर बांधायची कामून?" ती पुढे म्हणाली. "रुईचं पान तेल लावून शेकून बांधलं तर आपुन लगेच सोडतो का? सुकून गळून पडस्तोवर ठिवतो. बांधलं म्हंजे बांधलं."

"झोंबलं नाही का तुम्हाला?"

"पयलं लय झोंबलं. डोळ्याला पाणी आलं. मंग एकदम गपगार. मला वाटलं, गुण आला."

हे वाक्य मी नोकरीत ऐकलेल्या वाक्यांतलं सगळ्यात भयंकर वाक्य. गपगार झालं तेव्हा तिची कातडी गोठत होती. आणि ती खुशीत खुरपत होती, कारण तिच्या गावात दुखायचं थांबणं म्हणजे औषध लागू पडणं. आम्ही प्रयोगशाळेत, दवाखान्यात, पुस्तकांत सगळीकडे विचारलं होतं. आपल्याकडे दुखऱ्या जागी वस्तू ठेवत नाहीत, बांधतात, आणि बांधून कामाला जातात, हे माझ्या आईला विचारलं असतं तरी कळलं असतं. मी विचारलंच नव्हतं.

मी हात जोडले. काय बोलले आठवत नाही, फार बोलले असणार. तिने मला मध्येच थांबवलं.

"तुमची माफी मी कुटं बांधू? डाक्तर म्हणले, दसऱ्यापातुर जखम भरंल. दिवाळी झाली की आमची गाडी लागती. ह्येंचं अन् माजं मिळून एक कोयतं हाय. मी घरी बसले तर ह्येंचं बी बसलं. फोडाचं मी बगते. गुडघ्याचं दुखणं तर आतून तसंच हाय. बांधून मोळी उचलता यील असं कायतरी द्या."

ऊसतोडीला जोडपं मिळून एक कोयता मोजतात. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढते. एक बसला की दुसऱ्याला टोळीत जागा नसते. तिची पोरगी बारावीला होती आणि त्या वर्षीचं सगळं त्या कोयत्यावर होतं. मला मुदत मिळाली: दिवाळी.

परत येताना दिगंबरराव गाडीत एवढंच म्हणाले, "म्याडम, खारा माल एक बी बाहेर ठिवायचा न्हाई." दुसऱ्या दिवसापासून ते, वाजिदभाई आणि मी गावोगाव फिरलो. बहुतेकांनी पट्ट्या दिल्या. चारठाण्याला एक म्हातारे पैलवान मात्र हटून बसले. "झोंबती म्हणून तर घेतली. दुसरी काय कामाची?" मी त्यांना अर्धा तास समजावलं. ते मिशीला पीळ देत ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "झालं का तुमचं? च्या घ्या." मी चहा घेतला आणि त्यांच्या देखत, त्यांच्याच अडकित्त्याने पट्टी कापून ओट्याखाली ओतली. म्हातारे इतके थक्क झाले की मला दारापर्यंत सोडायला आले.

मग खरं काम सुरू झालं. माझा प्रश्न बदलला होता. फुटली तर, हा होताच. आता वर दुसरा आला: कुल्फीच्या पेटीत गोठवून, आवळून बांधून, दिवसभर विसरली तर? एवढं करूनही कातडीला काही होता कामा नये. वापरणाऱ्या माणसाला सुधारायचं खूळ मी डोक्यातून काढून टाकलं. बाई अशीच बांधणार आहे. मग बांधायची वस्तू बदलली पाहिजे.

रस्ता दाखवला तो घरातल्या खोबरेल तेलाच्या बाटलीने. आमच्याकडे पौष-माघात बाटली उन्हात ठेवल्याशिवाय केसांना तेल मिळत नाही. तेल गोठतं, वितळतं, वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही, अंगाला लागलं तर उलट बरंच, आणि पोटात गेलं तरी कुणी मरत नाही. फक्त चोवीस अंश म्हणजे सुजलेल्या गुडघ्याला फारच मवाळ. म्हणून मी तेलांच्या भाऊबंदांत शोधायला लागले. तेलापासून केलेले काही द्रव असतात, त्यांना एस्टर म्हणतात. तोंडाला लावायच्या क्रीममध्ये, लोशनमध्ये सर्रास घालतात. त्यातले दोन ठरावीक प्रमाणात मिसळले की मिश्रण पंधरा-सोळा अंशांना गोठतं. परभणीतल्या फिजिओथेरपीच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "बर्फाइतकी झटपट सूज नाही उतरणार. पण या अंशाला कातडी दुखावणार नाही, आणि तुमच्या बाईला दिवसभर हवंय ना? मग हेच."

पुढचे दोन महिने आमच्या घरच्या फ्रीजमध्ये भाजी ठेवायला जागा नव्हती. प्रत्येक नमुना मी आधी माझ्याच मांडीला बांधत होते. आमचे हे बँकेतून रिटायर झालेले, स्वभावाने सोशिक, तरी एकदा पाहुण्यांसमोर म्हणाले, "हिच्याजवळ बसा, एसीची गरज नाही." कुल्फीच्या पेटीतून काढलेली पट्टी पहिली काही मिनिटं फारच गार लागते हे मांडीनेच सांगितलं, पुस्तकाने नाही. म्हणून वर गोधडीसारखं दुपदरी, शिवून टाकलेलं, काढताच न येणारं कव्हर आलं. काढता येईल ते फडकं लोक काढून दुसऱ्या कामाला घेतात हे आता मला कळलं होतं.

नवरात्र संपलं तेव्हा मला वाटलं, जमलं. भाचीचं लग्न, मुलाची सुट्टी तेवढीच म्हणून तुळशीच्या लग्नाआधीच्या काढीव मुहूर्तावर, पोखर्णीला नृसिंहाच्या देवळाजवळच्या कार्यालयात होतं. सकाळपासून उभं राहायचं, कंबर माझी दुखरी, म्हणून मी ऐटीत पट्टी कमरेला बांधली आणि वर जांभळी रेशमी साडी नेसले. मंगलाष्टकं चालू असताना माझ्या जावेने कानात विचारलं, "ताई, तुम्ही अंगाला काय लावलंय? क्रीमचा वास यायलाय." मी कमरेला हात लावला तर साडी ओलीचिंब. ते एस्टर अंगाला प्रेमळ, पण आमच्या नेहमीच्या प्लास्टिकला आतून मऊ करून टाकत होते. पिशवी लोण्यासारखी झाली होती आणि शिवणीतून सुटली होती. अक्षता टाकून मी भिंतीला पाठ लावून जी बसले ती वरात निघेपर्यंत उठले नाही. लोकांना वाटलं, मावशीला भाचीच्या वियोगाचं फार वाईट वाटलं. साडीचा डाग गेला नाही. पण माझ्या कातडीला पुरळ नाही, खाज नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी मी दिगंबररावांना ही बातमी आनंदाने दिली तेव्हा ते माझ्या साडीबद्दल हळहळले, मी प्लास्टिकबद्दल बोलत राहिले. तेलाच्या पाकिटांना लागते तसली, आत नायलॉनचा थर असलेली पिशवी मागवली. ती टिकली.

दिवाळीनंतर चौथ्या दिवशी गयाबाईच्या टोळीचा ट्रक लागायचा होता. आदल्या दुपारी मी ताडकळसला गेले. भांडी, पेंढी, कोंबड्या, सगळं अंगणात बांधून ठेवलेलं. जखम भरली होती, पण गुडघ्यावर पांढुरकी, चकाकती कातडी आली होती. ती तशीच राहणार हे डॉक्टरांनी सांगितलं होतं.

मी पट्टी पुढे केली. सगळं समजावून सांगितलं: ही झोंबणार नाही, दिवसभर बांधली तरी चालेल, फुटली तर पुसून टाका. गयाबाईने ती हातात घेतली, दाबली, हुंगली.

"गोड वास यायलाय."

"हो, क्रीममधलंच आहे."

"ठिवते," ती म्हणाली आणि पट्टी बोचक्यात सारली. "बांधीन का न्हाई, ते सांगत न्हाई."

एवढाच तिचा माझ्यावर विश्वास उरला होता, आणि तो बोचक्यात मावणारा होता. 

ट्रक गेला. आणि तीन दिवसांनी, शेडमध्ये पिशव्या मोजताना, माझ्या लक्षात आलं आणि मोजणी तिथेच राहिली. कुठल्या तरी लांबच्या साखर कारखान्याच्या फडात, पाचटाच्या कोपीत, म्हणजे खोपटात, राहणारी बाई ही पट्टी गोठवणार कुठं? साधा फ्रीज पुरेल म्हणून मी केवढी खूश होते. कोपीत दिवाच नसतो, फ्रीज कुठला! कुल्फीवाला ताडकळसलाच राहिला होता. म्हणजे दोन महिने खपून, साडी घालवून, मी तिच्या हातात वितळलेल्या तेलाची पिशवी दिली होती. मी दिगंबररावांना सांगितलं तर ते खुर्चीतच बसले. "म्याडम, आपुन दोघं बी शिकलेले ना?" एवढंच म्हणाले. तिच्या नवऱ्याच्या मोबाइलवर बरेचदा फोन केला. कधी लागला नाही, कधी लागला तर "फडात हाय" म्हणून कुणी दुसऱ्यानेच ठेवला. त्या हिवाळ्यात मला दुसरं काही सुचलं नाही. ती गुडघा धरून कोपीत बसली असेल आणि त्यांचा कोयता मोडला असेल, हेच डोळ्यांपुढे यायचं.

पाडवा झाल्यावर, उन्हाचा कहर चालू असताना, शेडच्या दारात एक जीप थांबली. आतून गयाबाई उतरली. मागून आणखी सहा बायका. दिगंबररावांनी सवयीने "चपला बाहेर!" म्हटलं आणि सातही जणींनी चपला काढल्या.

गयाबाई चालत आत आली. मी तिच्या चेहऱ्याकडे नाही, पायांकडे बघत होते. लंगडत नव्हती.

"पुरा हंगाम केला," ती म्हणाली. "एक दिस बसले न्हाई."

"पट्टी?"

तिने पिशवीतून काढली. कव्हर मळून काळं झालं होतं, वर जुन्या साडीचं आणखी एक अस्तर शिवलेलं.

"पण गोठवली कुठं? तिथं फ्रीज..."

"फ्रीज कशाला?" गयाबाईला माझीच कीव आली असावी. "थंडीच लय पडायली होती. निजताना कोपीवर टाकायची, दंवात. तांबडं फुटलं की बगावं, तर दगड! मंग चिंध्यात गुंडाळून फडात न्यायची. दुपारच्याला गुडघा भरून आला की बांधायची. पयल्या दिशी अर्धीच घटका बांधली, भ्याव वाटलं. मंग चार वाजेस्तोवर. होळीपास्नं थंडी सरली अन् ही बी पडली गप. तवर हंगाम सरायला आला हुता."

मी खुर्चीत बसले. पौष-माघाच्या रात्री उघड्यावर दहा अंश असतात, आणि माझा माल पंधरा-सोळाला गोठतो. खारी पट्टी तिथं दहा जन्मांत गोठली नसती, साध्या पाण्याचीही नाही. एवढं साधं गणित मी बीएस्सी होऊन केलं नाही, ते तिने कोपीवर पट्टी टाकून केलं. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. दिगंबरराव घाईघाईने चहा सांगायला बाहेर गेले.

"ह्या टोळीतल्या," गयाबाईने सहाजणींकडे हात केला. "कुणाचा खांदा, कुणाची कंबर. त्यांना बी पायजे."

मी कपाटातून सहा नव्या पट्ट्या काढून टेबलावर मांडल्या. एकाही बाईने हात पुढे केला नाही. सगळ्या गयाबाईकडे बघत होत्या, आणि गयाबाई पट्ट्यांकडे.

"माजी मी बगितली हाय," ती म्हणाली. "ह्या मी बगितल्या न्हाईत. ह्या नव्या हायत. बाई, आधी तुमी बांधा."

दारात चहाची किटली घेऊन उभे असलेले दिगंबरराव काहीतरी म्हणणार होते. मी हाताने थांबवलं. मी त्याच नव्या खेपेतली, फ्रीजमध्ये गोठवून ठेवलेली एक पट्टी काढली, साडी वर केली आणि सात बायकांसमोर गुडघ्याला आवळून बांधली. मग आम्ही चहा घेतला. गयाबाईची पोरगी बारावीचे पेपर देऊन मोकळी झाली होती, ते कळलं. एकीच्या खांद्याची सगळी कहाणी ऐकली. पंख्याखाली बसून तास गेला, वर आणखी थोडा गेला. घड्याळाकडे माझ्याशिवाय कुणी बघत नव्हतं.

मग गयाबाई उठली, माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि स्वतःच्या हाताने गाठ सोडली. माझ्या गुडघ्यावर तिने अंगठा दाबला आणि उचलला. दवाखान्यात जखम बघताना डॉक्टर तिच्या गुडघ्याला रोज तसंच करायचे. दाबलेली जागा पांढरी पडली तर रक्त परत येतं का ते बघायचं. आलं तर कातडी जिवंत. तिने तीन ठिकाणी दाबलं, आणि तिन्ही ठिकाणी पुन्हा गुलाबी होईपर्यंत मान वर केली नाही.

मग वळून म्हणाली, "घ्या गं."